वास धुवा, झाकू नका



खरिपाच्या फवारण्या सुरू झाल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत अळी, तुडतुडे आणि खत याच गोष्टी असतात. या वेळी मात्र एका भगिनीने वेगळाच प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा तालुक्याच्या शाळेत दहावीला आहे. पहाटे उठून धारा काढतो, वैरण टाकतो आणि मग एस.टी. गाठतो. गणवेश रोज धुतलेला असतो. वलणीवरून काढताना त्याला काही वास नसतो. पण अंगात घालून तासभर झाला, की काखेतून पुन्हा तोच घामट दर्प येतो. शेजारची मुले बाकावर सरकून बसतात, म्हणून मुलगा शाळेला जायला कां-कूं करू लागला आहे. "साबण बदलला, अत्तराचा फवारा मारून पाहिला, उपयोग नाही. कपडेच टाकून द्यावेत काय?" असे त्या विचारतात.

शेतीच्या सदरात कपड्यांचा वास कशाला, असे कुणी म्हणेल. पण घाम गाळल्यावाचून ज्यांचे पोट भरत नाही, त्यांच्याच घरचा हा प्रश्न आहे. शिवाय शेतकऱ्याच्या सदऱ्याला जे वास लागतात, त्यांतला एक वास नुसता लाज आणणारा नसून जिवावर बेतणारा असतो. त्याचाही विचार आज करायचा आहे. म्हणून आधी एक गोष्ट मनात ठसवून घ्या. कपड्याला वास आला तर तो झाकू नका. तो कशाचा आहे हे ओळखा, आणि मग त्याप्रमाणे धुवा.

वास येतो कुठून?

आपण म्हणतो घामाला वास येतो. खरे पाहता ताज्या घामाला फारसा वास नसतो. ऊन लागल्यावर सर्वांगाला जो घाम सुटतो, तो बहुतांशी पाणी आणि थोडे मीठ. पण काखेत आणि जांघेत आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. मुले वयात येऊ लागली की त्या कामाला लागतात. त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ असतात. आपल्या कातडीवर नेहमीच राहणारे सूक्ष्म जिवाणू हे पदार्थ खातात, आणि त्यातून तो उग्र वास तयार होतो. दुधाचे भांडे नीट न घासता ठेवले की दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारते, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या कपड्यांना एकाएकी वास येऊ लागला, तर त्यांना "घाणेरडा", "गबाळी" असे टाकून बोलू नये. तो वयाचा गुण आहे. त्यांना आंघोळीच्या वेळी काखा साबणाने चोळून धुवायला, कोरड्या पुसायला शिकवावे. काखेतले केस कमी ठेवले तर घाम साचत नाही. तुरटीचा खडा ओला करून काखेत फिरवला तर घाम थोडा कमी होतो आणि जिवाणूही आवरतात. दाढी केल्यावर जी तुरटी आपण वापरतो, तीच. मात्र कातडी कापलेली किंवा सोललेली असेल तिथे ती लावू नये.

धुतल्यावरही वास का राहतो?

याची कारणे तीन.

पहिले कारण ओशट थर. अंगातले तेल आणि घामातले स्निग्ध पदार्थ धाग्यात मुरतात. गार पाण्यात घाईने चुबकून काढलेल्या कपड्यातून माती निघते, मीठ निघते. पण ओशटपणा पुरता निघत नाही. कपडा कोरडा असतो तोवर वास दबून राहतो. अंगावर चढला, ऊब आणि ओल मिळाली, की पुन्हा सुटतो. त्या भगिनीला जे कोडे पडले आहे त्याचे उत्तर हेच. कपडा धुतला गेला, पण काखेतला थर तसाच राहिला.

दुसरे कारण जड पाणी. आपल्याकडे पुष्कळ गावांत बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. भांड्याला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात साबणाचा चिकट साका बनतो आणि तो कपड्यावरच बसतो. घामाचा ओशटपणा त्याच्याखाली दडून राहतो. आपण वासाच्या रागाने आणखी साबण लावतो आणि साका आणखी वाढतो. आपले पाणी जड आहे की नाही हे पाहायचे असेल, तर बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साध्या साबणाचा थोडा कीस टाका आणि खळखळून हलवा. भरपूर फेस टिकला तर पाणी हलके. फेस न येता दह्यासारख्या गुठळ्या तरंगल्या तर पाणी जड समजावे.

तिसरे कारण धागा. पूर्वी आपल्या अंगावर सुती बंडी आणि सुती धोतर असे. आता गणवेश टेरिकॉटचा, खेळायचा टी-शर्ट पॉलिएस्टरचा आणि बाजारातले स्वस्त सदरेही बहुधा त्याच धाग्याचे. हा धागा पाणी धरत नाही, पण तेल धरून ठेवतो. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली व्यायामाने घामेजलेले सुती आणि पॉलिएस्टरचे शर्ट तपासले. त्यात पॉलिएस्टरच्या शर्टांना अधिक वाईट वास आला, आणि मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू त्या धाग्यावर चांगले वाढलेले आढळले. तेव्हा आईने धुण्यात कसूर केली असे नव्हे, धाग्याचाच तो स्वभाव आहे. शक्य असेल तिथे गणवेशाच्या आत सुती बनियन घालावे आणि ते रोज बदलावे. घाम ते शोषून घेते आणि गणवेश वाचतो.

मुरलेला वास काढायची रीत

पूर्वी परीट कपडे भट्टीला घालत. सोडा, उष्णता आणि वेळ या तीन गोष्टींवर ती भट्टी चाले. आपल्या न्हाणीघरातही त्याच तीन गोष्टी उपयोगी पडतात.

१) कपडा उलटा करा. वास आतल्या बाजूला असतो आणि आपण घासतो बाहेरची बाजू. काखा, गळपट्टी, पाठ ओली करून त्यावर साबण लावा, हाताने किंवा मऊ ब्रशाने चोळा आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्या.

२) प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी घ्या. हाताला सोसेल इतके गरम असावे. त्यात धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे पूर्ण विरघळवा आणि मग कपडे बुडवा. तासभर ठेवा. वास फार जुना असेल तर रात्रभर ठेवा. सोड्याने जड पाणी हलके होते आणि ओशटपणा सुटतो. रंग जाईल अशी शंका असेल तर आधी शिवणीच्या आतला कोपरा भिजवून पाहावा.

३) हे पाणी फेकून कपडे एकदा विसळा. मग नेहमीच्या साबणचुऱ्यात धुवा. चुरा मोजून घाला. जास्त चुऱ्याने कपडा जास्त स्वच्छ होत नाही, उलट चुरा धाग्यात राहतो.

४) दोन पाण्यांतून खळखळून काढा. वास तरीही चिवट वाटला तर शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरा शिरका घाला, दहा मिनिटे कपडे ठेवा आणि पिळून वाळत घाला. धाग्यात उरलेला सोडा त्याने निघून जातो आणि कपडा मऊ राहतो. पांढऱ्या कपड्यांना दोन लिंबांचा गाळलेला रस चालेल. रंगीत कपड्यांना लिंबू लावून उन्हात टाकू नये, रंग उडतो.

५) कडक उन्हात, वाऱ्यावर, उलटाच वाळवा. इस्त्रीपूर्वी काख हुंगून पाहा. वास असेल तर इस्त्री करू नका, पुन्हा सोड्यात घाला. इस्त्रीच्या उष्णतेने राहिलेला डाग आणि ओशटपणा अधिक घट्ट बसतो.

पांढरे सुती कपडे, बनियन, पंचे असतील तर सोड्याच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळले तरी चालतात. भांडे स्टीलचे घ्यावे. जर्मनचे भांडे सोड्याने खराब होते. लोकरीला आणि रेशमाला मात्र सोडा लावू नये. त्यांच्यासाठी आपले रिठेच उत्तम. रात्री भिजत घालून सकाळी कुस्करावेत आणि पाणी गाळून घ्यावे. रिठ्याचा जड पाण्यात साका होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

काय करू नये

धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कॉस्टिकने कातडी भाजते, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. दुकानात मागताना "धुण्याचा सोडा" असे स्पष्ट सांगा आणि पुडीवर नाव लिहून ठेवा. धुण्याच्या सोड्यानेही हात कोरडे पडतात. काम झाल्यावर हात धुऊन खोबरेल लावावे. लहान मुलांच्या हाती पुडी लागू देऊ नये.

सोडा आणि शिरका एकाच बादलीत घालू नका. खूप फसफसते म्हणून काम झाले असे वाटते, पण दोघांचा जोर एकमेकांना मारून जातो. आधी सोडा, मग विसळणे, मग शिरका असा क्रम ठेवा.

ब्लिचिंग पावडरीत शिरका, लिंबू किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतेल.

सुगंधी द्रावणाच्या पुड्या मिळतात. त्यांनी कपडा मऊ लागतो आणि दोन घटका वासही छान येतो. पण त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि खालचा ओशटपणा तिथेच राहतो. पॉलिएस्टरच्या कपड्यांना तर त्या लावूच नयेत.

पावसाळ्यातला कुबट वास

हा वास घामाचा नव्हे, ओलीचा. आषाढ-श्रावणात कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि तेवढ्या वेळात जिवाणू पुन्हा वाढतात. यावर उपाय म्हणजे वाळण्याचा वेळ कमी करणे. कपडे पिळल्यावर जोरात झटका. वलणीवर एकावर एक न घालता हातभर अंतराने टाका. चुलीच्या धुरापासून दूर पण वाऱ्याच्या वाटेवर वलण बांधा. घामाने भिजलेले कपडे बादलीत कोंबून दोन दिवस साठवू नका. धुवायला उशीर असेल तर निदान दोरीवर पसरून ठेवा. अर्धवट वाळलेला कपडा घडी करून ट्रंकेत गेला, की शेजारच्या घड्यांनाही वास लागतो.

फवारणीचा वास म्हणजे विष

आता मुख्य गोष्ट. आतापर्यंत सांगितलेली रीत घामाच्या, गोठ्याच्या, धुराच्या कपड्यांसाठी आहे. फवारणी करून आलेल्या कपड्यांना ती लावू नका. त्या सदऱ्याला येणारा वास घामासारखाच एक वास समजून आपण तो खुंटीवर टांगतो, उद्या पुन्हा घालतो, आठवड्याने घरच्या धुण्यात टाकतो. गावोगाव हिंडताना हे चित्र आजही दिसते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कित्येक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. विष नाकातोंडातून जाते हे सर्वांना ठाऊक आहे. ते कातडीतूनही जाते, हे विसरले जाते. पीक खांद्याला लागले की फवारा अंगावर येतो, पंप गळत असेल तर पाठ भिजते. ओला सदरा दिवसभर अंगाला चिकटून राहतो, उन्हाने आणि घामाने कातडी ओलसर झालेली असते. अशा वेळी कपडा म्हणजे विषाचा लेपच होतो. काखा आणि जांघा इथली कातडी नाजूक, तिथून विष लवकर आत जाते.

आणि जी माउली फवारणीला गेलीच नाही, ती घरी बसून ते कपडे हातांनी चोळते, पायांनी तुडवते. तिच्या हातांना भेगा असतात. त्याच बादलीत नंतर तान्ह्या लेकराची दुपटी धुतली जातात. म्हणून पुढील नियम घरातल्या सर्वांनी पाळावेत.

फवारणीचा एक जोड वेगळा ठेवा. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण विजार, डोक्याला कापड. त्यावर खूण करा. हा जोड घरात आणू नका. पडवीबाहेर किंवा गोठ्याबाहेर, जनावरांच्या तोंडाला लागणार नाही अशी वेगळी खुंटी ठोका. फवारणी झाली की तो तिथेच उतरवा आणि साबणाने आंघोळ करा. मुलाला कडेवर घ्यायचे ते त्यानंतर.

कपडे त्याच दिवशी धुवा. जितका उशीर, तितके विष धाग्यात मुरते. शक्यतो ज्याने फवारले त्यानेच धुवावेत. हातात रबरी मोजे असावेत. आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग गरम पाणी आणि साबणचुरा घेऊन दोनदा धुवा. बादली वेगळी ठेवा आणि ती दुसऱ्या कामाला वापरू नका. घरच्या कपड्यांत हे कपडे मिसळू नका. धुण्याच्या यंत्रात धुतले असतील तर नंतर यंत्र गरम पाणी आणि चुरा घालून एकदा रिकामे फिरवा. उन्हात, वेगळ्या दोरीवर वाळवा. सोड्याने किंवा शिरक्याने विष मरते असे धरून चालू नका.

हे कपडे नदीवर, ओढ्यावर, विहिरीच्या काठी किंवा जनावरांच्या हौदावर धुऊ नका. धुण्याचे पाणी परसातल्या भाजीला सोडू नका. विहिरीपासून लांब, पडीक जागी ओता.

अंगावर पाणी न घातलेले, बाटलीतले मूळ औषध सांडून कपडा भिजला, तर तो धुऊन पुन्हा वापरायचा नाही. पैसे गेले असे वाटेल, पण तो कपडा गेलाच असे समजा.

आणखी एक गोष्ट भगिनींना मुद्दाम सांगतो. जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा आपल्याकडे वाया जात नाही. त्याची गोधडी होते, दुपटे होते, झोळी होते. ही काटकसर चांगलीच आहे. पण फवारणीचा कपडा त्यात कधीही वापरू नका, त्याचे पायपुसणेही करू नका. कितीही धुतला तरी त्यात काही अंश राहू शकतो. तो कापून टाका, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही.

लक्षात ठेवा, सगळ्याच विषांना वास नसतो. कपड्याचा वास गेला म्हणजे विष गेले, असे नाही. घामाच्या कपड्याची परीक्षा नाकाने करावी, फवारणीच्या कपड्याला मात्र नाक लावूच नये. किती वेळा धुतला हे मोजावे. डब्यावरचा त्रिकोण पाहण्याची सवय लावा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरवा त्रिकोण असला तरी तो पिण्याचा पदार्थ नव्हे.

फवारणी करणाऱ्याला किंवा कपडे धुणाऱ्या बाईला एकाएकी भरमसाट घाम सुटला, तोंडाला लाळ आली, डोळ्यांतून पाणी आले, मळमळ, डोकेदुखी, अंधूक दिसणे, अंगाचे स्नायू फडफडणे असे काही झाले, तर "ऊन लागले असेल" म्हणून झोपवून ठेवू नका. अंगावरचे कपडे ताबडतोब काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. कोणते विष आहे हे कळले की उपचार लवकर सुरू होतात. मदत करणाऱ्यानेही हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी.

या आठवड्यात फार काही करू नका. किराणा दुकानातून पावशेर धुण्याचा सोडा आणा आणि वास मारणारा एक कपडा वरील रीतीने धुऊन पाहा. आणि घरातल्या खुंट्या एकदा नजरेखालून घाला. फवारणीचा सदरा आत टांगलेला दिसला, तर तो आजच बाहेर काढा आणि त्याच्यासाठी अंगणापलीकडे एक खिळा ठोका. खिळ्याला रुपया-दोन रुपये लागतील, तेवढ्यात घरातले लेकरू त्या विषापासून लांब राहील.